पेशंटचं काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला कशावरून कळलं? (नर्सेस, नातेवाईक, सगळ्यांनीच लिहा)

निळी_शाई
भाचीचं बी.एस्सी. नर्सिंग झालं, रजिस्ट्रेशनही हातात आलं. लवकरच मेडिसिन वॉर्डला रुजू होतेय. काल फोनवर म्हणाली, "मावशी, मॉनिटर बोंबलायच्या आधी कसं कळतं गं?" तेव्हापासून माझ्या पहिल्या नोकरीतले एक आजोबा डोक्यातून जात नाहीयेत.

न्यूमोनियाचे पेशंट, सुधारत होते. बीपी ठीक, ताप नाही, ऑक्सिजन ९४. चार्टवर श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. रोज दुपारी चहा आला की दोन्ही हातांनी कप घेणारा माणूस. त्या दिवशी कप तसाच, वर साय धरलेली, आणि आजोबा चादरीचा काठ चिमटीत धरून ओढत बसलेले. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत उभी राहिले. श्वास ३४!

हाऊसमनला, म्हणजे वॉर्डच्या ज्युनियर डॉक्टरला, फोन केला. "व्हायटल्स बरे आहेत ना, राउंडला बघतो." परत लावला. म्हटलं, "सर, श्वास ३४ आहे, मी स्वतः मोजलाय. सकाळी बोलत होते, आता मुलाला ओळखत नाहीयेत. आत्ता येऊन बघा." आले. सेप्सिस निघाला, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीरच बिघडायला लागलेलं, तासाभरात आयसीयूत हलवले. पुढे चालत घरी गेले.

भाचीला एवढंच सांगितलं, श्वास अंदाजाने लिहू नकोस, मोज. तुमचेही अनुभव लिहा, तिला वाचायला देणार आहे.

रानजाई
छान धागा. कुकर लावलाय, सवडीने लिहिते.

लेबररूमवाली
मॅगसल्फचा, म्हणजे बाळंतपणातले झटके थांबवायच्या इंजेक्शनचा पुढचा डोस. प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास १६ च्या वर, आणि चार तासांत लघवी निदान १०० मिली. झटके येऊन गेलेली मुलगी, शांत झोपलेली, सासू म्हणते झोपू द्या हो तिला. गुडघ्यावर टिचकी मारली, पाय हललाच नाही. दुसऱ्या पायाचंही तेच. लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली ती ठेवलीच, मॅडमना बोलावलं, मॅगसल्फवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी काढून ठेवलं. वेळेवर डोस देणं हे काम आहेच, पण न देणं हेही कामच आहे, हे मला त्या रात्री कळलं. मुलगी आणि बाळ दोघंही छान आहेत.

पुणेरी_काका
नर्स नाही, नातेवाईक म्हणून लिहितो. वडिलांची शुगर काही केल्या उतरेना. दर भेटीत इन्सुलिनचा डोस वाढायचा. एका तरुण सिस्टरने सांगितलं, "काका, घरची बाटली आणि सिरिंज घेऊन या, आजोबांना माझ्यासमोर भरू दे." बाटली ४० ची (एका मिलीत ४० युनिट), सिरिंज केशरी टोपीची, म्हणजे १०० च्या बाटलीसाठीची. २० च्या रेघेपर्यंत भरत होते आणि अंगात जात होतं ८ युनिट! मेडिकलवाल्याने ४० ची, लाल टोपीची नव्हती म्हणून ती दिली होती. डोस आणखी वाढवायचा कागद तयार होता. सिस्टरने तो थांबवून आधी डॉक्टरांशी बोलणं केलं. त्या मुलीचे आमच्यावर उपकार आहेत.

लेबररूमवाली
काका, हे सगळ्यांनी वाचायला हवं. पुढे कधी १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी उलट गल्लत झाली तर शुगर धाडकन खाली जाते. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दर वेळी जुळवून बघा.

भटकी_चप्पल
विषय सोडून विचारते, नाइटला बारा तास उभं राहून टाचा जातात. कोणते शूज घालता?

ब्रदर_आयसीयू
आम्हाला "ब्रदर" म्हणतात आणि नवीन नातेवाईक डॉक्टर समजतात. रक्त चढवताना पहिली १५ मिनिटं मी पेशंटपाशीच उभा राहतो, बाकी वॉर्ड पेटला तरी. एकदा एक मावशी म्हणाल्या, "कंबर भरून आली बाळा." आकडे सगळे नॉर्मल. बंद केलं, सलाईन लावलं, पिशवी आणि नंबर परत ताडला, रक्तपेढीला कळवलं. रिॲक्शनच होती. थंडी वाजायला लागली ती नंतर.

वॉर्ड_नं_दहा
सगळं खरं, पण मिनिटभर उभं राहायला मिनिट तर हवं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे जनरल वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, इतरत्र पाचामागे एक. मी जिथे होते तिथे रात्री चाळिशीच्या पुढे पेशंट, मी आणि एक मदतनीस मावशी. मग कुणाला आधी बघायचं हा निर्णयच सगळ्यात मोठा असतो. कण्हणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्याकडे आधी जायचं, हे मी अशा रात्रींतच शिकले. भरती करा हो, नुसत्या १२ मेच्या, परिचारिका दिनाच्या शुभेच्छांनी काय होतंय.

निळी_शाई
@वॉर्ड_नं_दहा, गप्प पडलेल्याकडे आधी, हे भाचीला लिहून पाठवलं.

रानजाई
आले. मी नर्सिंगला आले ती एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून, रडत. पहिलं वर्ष ढकललं. मग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये शिकलेल्या एका मॅडमनी तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्याबद्दल सांगितलं. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हापासून त्या केईएममध्येच अंथरुणाला खिळून होत्या, २०१५ मध्ये गेल्या. ४२ वर्षं! मधल्या काळात नर्सेसच्या पिढ्या बदलल्या. येणारी प्रत्येक नवीन मुलगी त्यांना कूस बदलून द्यायला, भरवायला शिकली. २०११ मध्ये दयामरणाच्या प्रश्नावर सुप्रीम कोर्टानेही त्यांच्या बाबतीत केईएमच्या कर्मचाऱ्यांचंच मत धरलं. वर्गात कुणी बोलेना. त्यानंतर मी पाठ बघितल्याशिवाय बेडरिडन पेशंटचा ओव्हर, म्हणजे ड्यूटीचा ताबा, घेतलेला नाही. माकडहाड, टाचा, घोटे. लाली दिसली की दर दोन तासांनी कूस, सही करून.

ब्रदर_आयसीयू
आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या अंजली कुलथे सिस्टर. २६/११ ला २० गरोदर बायकांना पँट्रीत नेऊन दिवे बंद करून बसवलं, एकीला कळा सुरू झाल्या तर तिला भिंतीकडेने लेबर रूमला नेलं. कसाबलाही ओळखलं त्यांनी. ड्यूटीवरची बाई काय काय ठरवते एका रात्रीत!

लेस्टरची_लेक
इकडे इंग्लंडात पेशंट बिघडतोय का हे गुण देऊन ओळखायचा न्यूज-टू नावाचा तक्ता असतो. श्वास २५ किंवा वर गेला की एकट्या त्याचे ३ गुण, आणि मग तातडीने बघायलाच यावं लागतं. गुण कमी असले तरी नर्सला काळजी वाटते एवढ्यावर बोलावता येतं. नवी मुलगी असताना मला याचा फार आधार वाटायचा. शाई, तुमच्या आजोबांचा ३४ वाचून पोटात गोळा आला.

भटकी_चप्पल
शूजचं कुणी सांगेल का?

पुणेरी_काका
एक शंका. रात्री सिस्टर कामात असतात, हाक मारायला संकोच वाटतो. "बाबा आज वेगळेच वाटतायत" एवढं सांगितलं तर रागावणार नाहीत ना?

वॉर्ड_नं_दहा
काका, बेधडक सांगा. आम्ही त्यांना आठ तास बघतो, तुम्ही आयुष्यभर बघताय. फक्त "वेगळे" म्हणजे काय तेही सांगा: बोलणं अडखळतंय, जेवण टाकलं, की उगाच बडबडतायत. तसं सांगितलं की आम्हालाही डॉक्टरांना नेमकं कळवता येतं. आणि ऐकलं नाही तर परत सांगा.

लेबररूमवाली
@भटकी_चप्पल, एक नंबर मोठा घे, नाइटच्या शेवटी पाय सुजतात. कापडी नको, धुता येतील असे. आणि दोन जोड आलटून पालटून वापर.