स्विफ्ट पेट्रोल २०१४ : मागचा सायलेन्सर घरीच बदलायचा आहे, स्टेनलेसचा

कोबा_अंगण

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, १.२ लिटर, बीएस-४. मुक्काम रत्नागिरी. मागच्या सायलेन्सरचा डबा खालच्या शिवणीपाशी सडून भोक पडलं आहे. मधला पाइप आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) शाबूत. कंपनीचा डबा पुन्हा घालण्याऐवजी बाहेरचा स्टेनलेस डबा बसवायचा विचार आहे. अंगणात सपाट कोबा आहे. सॉकेट सेट, गाडीसोबतचा जॅक आणि हँड ग्राइंडर आहे, वेल्डिंग मशीन नाही.

विचारायचं ते असं :
१) अडीच इंची, आरपार नळीचा डबा घेऊ का? पिकअप वाढतो का?
२) नवीन डब्याचे हूक, डबा ज्यांवर लटकतो त्या जुन्या रबरांच्या जागी येत नाहीत असं ऐकलं. मग काय करतात?
३) गंजलेले बोल्ट आणि रबरं काढायची रीत?
४) पीयूसी आणि आरटीओची अडचण येईल का?

पाना_चौदा

गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. दोन टनी जॅक स्टँडची जोडी तरी हवीच, पण या कामाला लोखंडी रॅम्प जास्त सोयीचे. कारण सांगतो. स्विफ्टचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची चाकं अधांतरी झाली की तो असून नसल्यासारखा, आणि गाडी फक्त पहिल्या गिअरवर आणि पुढच्या चाकांना लावलेल्या लाकडी ठोकळ्यांवर थांबते. रिव्हर्स घेऊन मागची चाकं रॅम्पवर चढवली तर हँडब्रेक लागतोच, शिवाय मागचा बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) त्याच्या खऱ्या जागी राहतो. स्टँड बॉडीखाली लावले की बीम खाली लोंबतो. मग पाइप आणि बीममधलं जे अंतर दिसतं ते रस्त्यावरचं अंतर नसतं. वर ठेवून सगळं छान बसलेलं असतं आणि खाली उतरवल्यावर पहिल्याच गतिरोधकावर खडखडाट, तो याचमुळे. रॅम्पवर चढवलं तरी पुढच्या चाकांना ठोकळे लावाच.

बोल्ट : आदल्या रात्री वायर ब्रशने आटे साफ करून पेनिट्रेटिंग ऑइल मारा, सकाळी परत मारा. पाना सहा बाजूंचाच वापरा. बारा बाजूंचा सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने जोर द्या, गंज फुटल्याचा ‘कट्’ आवाज आला की मग सोडवा. मागे-पुढे, मागे-पुढे करत. एका दमात ओढलात तर बोल्ट मानेपाशी तुटतो. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे, त्यामुळे गॅसबत्तीने तापवायची युक्ती इथे अजिबात नको. तेच ग्राइंडरच्या ठिणग्यांचं. कापायचं ते डबा खाली उतरवून, गाडीपासून लांब नेऊन कापा.

रबरं : साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल लावू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. आधी डब्याखाली लाकूड किंवा जॅक देऊन वजन तोला, मग रबर हुकाच्या सरळ रेषेत ओढा. चिरा दिसत असतील तर सगळी एकदम नवीन घ्या. एक नवं आणि बाकी ताणलेली ठेवली की डबा तिरका लटकतो.

घुमारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. १.२ च्या इंजिनावर फक्त मागचा डबा बदलून पायाला जाणवेल असा पिकअप मिळत नाही. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिमी. एवढ्या लहान इंजिनाला इतक्या रुंद नळीचा उपयोग नाही. आवाज मात्र पोकळ येतो आणि बीमवरून पाइप नेताना जागा पुरत नाही. जुन्या पाइपाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि डबा फार तर २ इंची घ्या.

आरपार नळीच्या डब्याचा खरा त्रास घुमण्याचा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १००. ही १०० हर्ट्‌झची धडधड बंद काचांच्या हॅचबॅकमध्ये कानात बसते, आणि हायवेला गाडी नेमकी याच आरपीएमच्या आसपास तासन्‌तास चालते. काचलोकरीचं पॅकिंग बारीक, चिरका आवाज खातं, हा जाड आवाज त्याला आवरत नाही. त्यावर उपाय म्हणजे एका टोकाला बंद असलेली बाजूची नळी. तिची लांबी आवाजाच्या लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी लागते. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ४५० मीटर धरला तर १०० हर्ट्‌झला साधारण १.१ मीटर. स्विफ्टखाली एवढी जागा काढणं अवघड. त्यापेक्षा आत कप्पे असलेला, कंपनीच्या रचनेचा डबा स्टेनलेसमध्ये घ्या. घनफळ जुन्या डब्याइतकं किंवा थोडं जास्त असू द्या.

धातू बघताना चुंबक सोबत न्या. ४०९ दर्जाचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं आणि वरून तांबूस होतं, ३०४ सहसा चिकटत नाही. खाऱ्या हवेत ३०४ साठी जास्त पैसे मोजणं योग्य आहे. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी २-३ मिमीचं बारीक भोक असतं, ते बुजवू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. छोट्या फेऱ्यांत डबा तापत नाही, पाणी आतच साचतं. तुमचा जुना डबा खालच्या शिवणीला सडला त्यात समुद्राच्या हवेइतकाच या आतल्या पाण्याचा हात आहे.

जिग_आणि_तार

हुकांबद्दल. संपूर्ण कामातलं सर्वांत मोलाचं पाऊल जुना डबा काढल्यानंतरचं आहे, त्यामुळे तो लगेच भंगारात देऊ नका.

एक १८ मिमीचा प्लाय घ्या. जुना डबा गाडीखाली जसा असतो तसाच त्यावर ठेवा, गरज पडेल तिथे लाकडी तुकड्यांचा आधार द्या. मग तीन गोष्टी पक्क्या करा : फ्लँजचं, म्हणजे पाइपाच्या टोकाला बोल्टने जोडायच्या पट्टीचं, तोंड (त्याच्या भोकांतून बोल्ट घालून प्लायवर उभा केलेला लाकडी ठोकळा), प्रत्येक हुकाचं टोक (तिथे उभी खुंटी, बरोबर त्या उंचीची), आणि शेपटीच्या पाइपाचं तोंड. हा साचा झाला. नवीन डबा साच्यात ठेवून वेल्डिंगवाल्याकडे न्या. गाडी न्यायची गरज नाही, गाडीवर वेल्डिंग करायचीही नाही. (करावीच लागली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा.) हूक जुन्याच जाडीच्या सळईचे करा, टोकाला बोंड ठेवा म्हणजे रबर निसटणार नाही. वेल्डिंग आर्गनची. स्टेनलेस आणि साधं लोखंड एकमेकांना जोडताना ३०९ ची तार मागा, साध्या रॉडने केलेला सांधा त्याच रेषेत लवकर गंजतो.

नवीन डब्याला तुमच्या गाडीची फ्लँज नसेल तर जुन्या पाइपाचा फ्लँजसकट १५ सेंमीचा तुकडा कापून ठेवा. भिंत धड असेल, म्हणजे हातोडीने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजेल, तरच. नवीन डब्याची नळी त्या तुकड्यावर ४०-५० मिमी चढली पाहिजे. इंजिनाकडचा पाइप आत, मागचा बाहेर, ही दिशा चुकवू नका. वर यू-क्लॅम्प लावून टाका, काम झालं.

पाना_चौदा

वरच्या पोस्टमधल्या यू-क्लॅम्पशी मी सहमत नाही. तो पाइप दोन बाजूंनी चेपतो, मध्ये फट राहते आणि पुढच्या वेळी सांधा कापल्याशिवाय सुटत नाही. रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प घ्या. किमतीतला फरक तेवढ्या कामाचा आहे. साच्याची कल्पना मात्र सोळा आणे.

कोबा_अंगण

आभार. अडीच इंच रद्द, कप्प्यांचा डबा घेतो. एक भर : फ्लँजच्या दोन बोल्टांपैकी एक सोडवताना तुटला, अर्धा आतच आहे. आणि दोन फ्लँजमधल्या पॅकिंगला (गॅस्केटला) दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावू का?

पाना_चौदा

तुटलेला बोल्ट : फ्लँजला नुसतं आरपार भोक असेल तर उरलेला तुकडा बाहेर ठोकून नवीन नट-बोल्ट घाला. आटे फ्लँजमध्येच असतील किंवा नट मागे वेल्ड केलेला असेल तर तुकडा घासून सपाट करा, अगदी मधोमध पंच मारा, आधी ४ मिमीचं ड्रिल, मग पायरीपायरीने वाढवा. ड्रिल हळू फिरवा, तेल सोडत राहा. आटे वाचले नाहीत तर एम१० (१० मिमी जाडीच्या) बोल्टासाठी १०.५ मिमीचं आरपार भोक आणि ८.८ दर्जाचा बोल्ट. एक्स्ट्रॅक्टरच्या (तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढायच्या हत्याराच्या) नादी गंजलेल्या बोल्टावर लागू नका, तो आत तुटला की कडक पोलाद ड्रिलला दाद देत नाही.

पॅकिंग कोरडंच बसवा, आणि दर वेळी नवीन. दोन्ही फ्लँज चकचकीत घासून घ्या. साधं सिलिकॉन या तापमानाला टिकत नाही, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या पुढे-मागे वापरलं तर त्याची वाफ सेन्सर खराब करते. पेस्ट लावायचीच असेल तर सायलेन्सरची खास पेस्ट, तीही फक्त मागच्या सरकत्या सांध्यावर, म्हणजे नळीवर नळी चढते तिथे.

आणि पुढे, कन्व्हर्टरनंतरच्या सांध्याला स्प्रिंगचे बोल्ट दिसले तर त्यांच्या जागी साधे बोल्ट घालून आवळू नका. इंजिन आडवं बसवलेलं आहे, रेस देताना ते पुढे-मागे डोलतं. तो डोल हाच सांधा सहन करतो. तिथे कडक बोल्ट घातले की तडा दुसरीकडे जातो.

बसवण्याचा क्रम : सगळी रबरं लावून डबा लटकवा, सगळे नट नुसत्या हाताने लावा, मग डबा हलवून जागेवर आणा, आणि पुढून मागे आवळत जा. बॉडी, इंधनाची नळी, हँडब्रेकची केबल यांच्यापासून किमान २० मिमी अंतर ठेवा, बंपरच्या प्लॅस्टिकपासूनही. एम८ ला २०-२५ न्यूटन-मीटर, एम१० ला ४०-४५. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टावर जागीच जाम होतो, आट्यांना कॉपर पेस्ट लावा. शेवटी गाडी खाली घेऊन मागच्या सीटवर दोन माणसं बसवा आणि अंतर पुन्हा बघा.

धूरमापक

चौथा प्रश्न राहिला, आणि तो गळतीशी जोडलेला आहे.

बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालतं. २५०० आरपीएमच्या चाचणीत लॅम्डा (हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, हवा जास्त झाली की वाढतो) ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. सांधा गळका असला की धूर नुसता बाहेर येत नाही. प्रत्येक स्फोटानंतर पाइपात क्षणभर दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. मग लॅम्डा १.०३ च्या वर जातो आणि इंजिन ठणठणीत असून गाडी नापास होते. अशा वेळी इंजेक्टर साफ करायला पैसे घालवण्याआधी सांधे बघा.

तपासणी : थंड इंजिन चालू करा, जाड ओला फडका शेपटीच्या तोंडावर काही सेकंद दाबून धरा. गळती असेल तिथे फुसफुस ऐकू येते. सांध्यांवर साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे येतात. हे थंड असतानाच करा. पहिल्यांदा तापताना कारखान्यातलं तेल जळून १०-१५ मिनिटं धूर येईल, घाबरू नका, पण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

कायद्याचं : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या नोंदीव तपशिलात बदल चालत नाही. कलम १८२-अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आवाज-धुराच्या उल्लंघनाला कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून कप्प्यांचा, मूळ आवाजाइतकाच शांत डबा घ्यायचा सल्ला मीही देईन. डब्याचं बिल गाडीत ठेवा. कन्व्हर्टरला हात लावू नका. तो काढला तर चेक इंजिनचा दिवा लागतो, पीयूसी नापास होते आणि मागे चालणाऱ्या माणसाच्या नाकात ते सगळं जातं.

१०० किमी झाल्यावर इंजिन पूर्ण थंड करून सगळे नट एकदा परत आवळा. सांध्याभोवती काळी काजळी दिसली तर तिथलं पॅकिंग बसलेलं नाही, नट जास्त आवळून ते बसणार नाही. उघडून नवीन घाला.