कॉम्प्युटर रोज दुपारी दोनला आपोआप चालू होतो, शनिवार-रविवारी मात्र नाही

तिखटवाली_वाई
१० नोव्हेंबर, रात्री ९.१०

नमस्कार. मी वाईला घरी मसाले करते. कांदा-लसूण, गोडा, लाल तिखट. कॉम्प्युटरवर माझं काम एवढंच : बिलं, पिशव्यांवर चिकटवायची लेबलं आणि उधारीची यादी. मशीन तीन वर्षांपूर्वी पुण्याहून सेकंडहँड आणलं, कुठल्यातरी मोठ्या ऑफिसातून निघालेलं होतं. काळा डबा, दणकट, कधी कुरकुर नाही.

दिवाळीत मुलगा आला. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद झाले आणि हे मशीन विंडोज ११ घेत नाही, म्हणून २५ तारखेला त्याने सगळं पुसून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. माझी तक्रार नाही, उलट लवकर उघडतं.

सोमवारी, २७ तारखेला, जेवून जरा आडवी झाले होते. हॉलमधून ‘घुंईंऽऽ’ आवाज. आधी वाटलं शेजारच्यांचा मिक्सर. जाऊन बघते तर कॉम्प्युटर चालू, पासवर्ड मागत बसलाय. घरात मी एकटी. बारा वाजता मी स्वतः शटडाउन केला होता, स्क्रीन काळी होईपर्यंत समोर उभी होते. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारीही.

मग उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले. २७ ते ३१ ऑक्टोबर रोज चालू. १ आणि २ नोव्हेंबर नाही. ३ ते ७ रोज चालू. ८, ९ नाही. आज पुन्हा चालू. वेळ दोन म्हणजे दोन, मिनिटाचा फरक नाही.

मुलगा फोनवर म्हणतो, ‘आई, माउसला धक्का लागला असेल.’ माउस काय रोज दोनला उठतो का? इथल्या रिपेअरवाल्याने मशीन न बघताच व्हायरस ठरवला आणि फॉरमॅटचे पाचशे सांगितले. पंधरा दिवसांपूर्वीच तर सगळं पुसलंय!

भिंतीवरचं बटण बंद ठेवलं की होत नाही, हे मला माहीत आहे. पण मला कारण हवंय.

निवांत_७२
१० नोव्हेंबर, रात्री ९.४०

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक’ टाका. कोणी उठवलं ते लगेच कळेल. शिवाय टास्क शेड्युलरमध्ये बघा, एखाद्या कामापुढे ‘वेक द कॉम्प्युटर’ची खूण असेल. विंडोज अपडेट असले उद्योग करतं.

तिखटवाली_वाई
१० नोव्हेंबर, रात्री ९.५२

दादा, विंडोज राहिलंच नाही. वर लिहिलंय.

निवांत_७२
१० नोव्हेंबर, रात्री ९.५५

सॉरी ताई, घाईत वाचलं.

सोल्डर_कोल्हापूर
१० नोव्हेंबर, रात्री १०.३०

ताई, एक लक्षात घ्या, शटडाउन केलेला कॉम्प्युटर पुरता बंद नसतोच. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर आतला सप्लाय मुख्य बोर्डाला (मदरबोर्ड) पाच व्होल्ट देत राहतो. जांभळी वायर ती. त्या जिवावर बोर्ड एक डोळा उघडा ठेवून पडलेला असतो. समोरचं बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला ओढतो आणि सप्लाय पूर्ण चालू होतो. म्हणजे त्या बटणाच्या दोन वायरी कुठं एकमेकींना चिकटल्या, ओल आली, बटण आत अडकलं, तर मशीनला वाटतं कुणीतरी दाबलं. आमच्याकडं पावसाळ्यात असली चार-पाच मशिनं येतात.

दुसरं म्हणजे लाइट. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, त्यात एक सेटिंग असतंय, लाइट जाऊन आली की काय करायचं : बंद राहायचं, चालू व्हायचं, का आधी जसं होतं तसं. ते ‘चालू’वर असलं तर लाइटनं नुसती उघडझाप केली तरी मशीन उठतंय. पंखा इन्व्हर्टरवर असला की घरात कुणाला कळत पण नाही.

उद्या एक करा. बारा वाजता बंद करा. भिंतीवरचं बटण बंद करून पिन काढा. मग समोरचं बटण एकदा दाबून सोडा, उरलासुरला करंट निघून जाईल. झाकण काढा, समोरच्या बटणाकडून येणारा सॉकेट बोर्डातून उपसा. झाकण लावून पिन परत घाला आणि बघत बसा.

पैठणकर_बाबा
११ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

बोर्डावरचा गोल सेल बदला. सीआर २०३२. चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे. सेल उतरला की कॉम्प्युटर काहीही करतो.

तिखटवाली_वाई
११ नोव्हेंबर, दुपारी २.२५

सोल्डरदादा, केलं सगळं.

झाकण उघडलं आणि आधी मला माझीच लाज वाटली. तीन वर्षांत कधी आत बघितलंच नव्हतं. पंख्याच्या पात्यांवर विटकरी रंगाचा थर, जाळीत तर बोटाने खरवडावा लागेल इतका. बाहेरच्या खोलीत मी तिखट चाळते, ते सगळं हा बिचारा ओढून घेत होता. काही सुचलं नाही, फुंकर मारली. त्यानंतर दहा मिनिटं मी नुसती शिंकत होते, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मग तोंडाला ओढणी बांधून रंगाच्या नव्या ब्रशने साफ केला.

बटणाचा सॉकेट काढला, झाकण लावलं. पावणेदोनला पिन घालून भिंतीवरचं बटण चालू केलं. काही झालं नाही. म्हणजे लाइट आल्यामुळे तो उठत नाही, बरोबर? खुर्ची ओढून समोर बसले. मोबाइलवर १.५९. घड्याळात दोन झाले आणि आतून ‘टक्’ आवाज, पंखा फिरला, निळा दिवा लागला. बटणाची वायर तर बोर्डात नव्हतीच!

म्हणजे बटण नाही, लाइटही नाही. नेटवरून कुणी उठवत असेल म्हणावं, तर लॅनची वायर मी वापरत नाही, वायफायचं छोटं यंत्र मागे खोचलंय, तेही काढून ठेवलं होतं. आता?

रात्रपाळी
११ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

ताई, तुमच्या वहीच्या मागच्या पानावरच उत्तर आहे. ओल, झुरळ, लाइट, व्हायरस, यांना शनिवार-रविवार कळत नाही. गेल्या बुधवारी, ५ तारखेला, त्रिपुरी पौर्णिमा होती. ऑफिसांना गुरुनानक जयंतीची सुट्टी. तरी तो दोनला उठला. म्हणजे त्याला सण कळत नाहीत, फक्त वार कळतात. तुमचा कॉम्प्युटर अजून जुन्या नोकरीवर जातोय.

आता एकच सांगा. मशीन चालू करताना एफ२ दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे घड्याळात किती वाजलेत आणि त्याच क्षणी भिंतीवर किती? काही बदलू नका, नुसतं बघा.

तिखटवाली_वाई
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४८

भिंतीवर ५.४०. बायोसमध्ये १२.१०, दुपारचे. तारीख बरोबर आहे. अंगावर काटा आला हो, हे काय आहे?

रात्रपाळी
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

काटा नको, आकडेमोड करा. ५.४० वजा १२.१०, म्हणजे बरोबर साडेपाच तासांचा फरक. भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि स्क्रीनवर दाखवताना साडेपाच तास मिळवतं. मुलाने मिंट टाकलं त्या दिवशी तुमच्या बोर्डाचं घड्याळ मागे गेलं. पैठणकर बाबांच्या म्हणण्याप्रमाणे हे घड्याळ चालवणारा सेल उतरला असता तर घड्याळ रोज वेगळंच चुकलं असतं किंवा थेट कुठल्यातरी जुन्या सालात गेलं असतं. नेमकं साडेपाच तास मागे राहिलं नसतं.

आता दोनमधून साडेपाच वजा करा. साडेआठ. बायोसमध्ये पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा, ‘ऑटो ऑन टाइम’ असं काहीतरी असेल. तिथे ‘वीकडेज’ आणि ८.३० दिसलं नाही तर माझं नाव बदला. ऑफिसांत हे लावून ठेवतात, लोक यायच्या आत सगळी मशिनं उठून अपडेट घेऊन तयार. विकताना डिस्क पुसतात, बायोसला कोणी हात लावत नाही. हा गजर बोर्डावरच असल्यामुळे फॉरमॅट करून काही होणार नव्हतं, तुमचे पाचशे वाचले.

सोल्डर_कोल्हापूर
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३१

आयला. वीस वर्षं मशिनं उघडतोय, पण शनिवार-रविवारकडं माझं लक्षच गेलं न्हाई.

तिखटवाली_वाई
१२ नोव्हेंबर, दुपारी २.३५

‘वीकडेज’. ०८:३०. शब्दशः तसंच. ‘डिसेबल्ड’ केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं, आणि आज बुधवारचे दोन वाजून गेले तरी डबा गप्प आहे.

पण मग आधी तीन वर्षं का कळलं नाही, याचा रात्री विचार करत होते. कारण मी रोज डबे भरून आठला लेबलं छापायला बसते. साडेआठला गजर व्हायचा तेव्हा कॉम्प्युटर आधीच चालू असायचा! मे महिन्यात आम्ही गुरुवार ते रविवार गणपतीपुळ्याला गेलो होतो. परत आलो तर हा चालू, दिवा लुकलुकतोय. निघायच्या आधी बंद करायचं काम ह्यांच्याकडे होतं. त्यावरून मी ह्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि बिलाचा विषय निघाला की अजून बोलते.

बायोसमधलं घड्याळ पुढे करून ठेवू का? मुलगा म्हणतो ठेव.

रात्रपाळी
१२ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

नको. मिंटला तसंच लागतं, तुम्ही पुढे केलं की बिलांवर चुकीची वेळ पडेल. पुढेमागे मिंटच्या जोडीला विंडोजही टाकलं तर दोघांत घड्याळावरून भांडण लागेल, तेव्हा बघू.

तिखटवाली_वाई
१२ नोव्हेंबर, रात्री ८.५०

बरं. ह्यांना सांगितलं मघाशी. काही बोलले नाहीत. उठून वही आणली, मागचं पान उघडलं, २७ ऑक्टोबरच्या वरती ‘मे, गणपतीपुळे’ असं लिहिलं आणि पुढे बरोबरची खूण केली.