मेला नाही, झोपलाय

ताम्हिणी घाटातल्या फुलाचा फोटो टाकून तुम्ही 'हा तेरडा का, आणि घरी लावलेलं त्याचं रोप का टिकलं नाही?' असं विचारलंय. फोटोतला तो तेरडा नाही असं मला वाटतं. ताम्हिणीच्या ओल्या कातळावर बिनखोडाचा गुलाबी तेरडा असतोच, पण त्याच्या फुलाला मागे लांब, वाकडी सोंड असते. इथे ती दिसत नाही. शिवाय पान बघा: देठापाशी एक बाजू मोठी, दुसरी छोटी, जणू कुणी तिरकं कापलंय. हा रानातला बेगोनिया, बहुधा त्यातली 'क्रेनाटा' ही जात. तीन पंखांचं हिरवं फळ धरलं की शंका उरत नाही.

'ऑक्टोबरात कुंडीतलं रोप मेलं' म्हणता, ते मेलं नसेल. आमच्याकडेही पानं पिवळी पडून गळली, आईनं कुंडी रिकामी केली, तर मातीत वाटाण्याएवढा कंद! पानं उतरली की पाणी बंद करायचं आणि कुंडी सावलीत कोरडी ठेवून जूनपर्यंत विसरून जायचं. पुढच्या वेळी घाटातून रोप उपटण्यापेक्षा वाळलेलं एखादं फळ आणा. बी धुळीसारखं बारीक असतं, ते विटेच्या ओल्या चुऱ्यावर नुसतं भुरभुरवा. वर माती अजिबात नको, त्याला उगवायला उजेड लागतो. (मी पहिल्या वर्षी हौसेनं शेणखत घातलं होतं, सगळं सडलं.)