प्रतिसाद: अंघोळीला ओरडणाऱ्या सासूबाई

ताई, तुमच्या सासूबाई वृद्धाश्रमात अंघोळीच्या वेळी ओरडतात, मारतात आणि तिथल्या मावशी म्हणतात, 'नुसतं पुसून स्वच्छता होत नाही.' हे मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेत ओरेगन आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या 15 नर्सिंग होम्समध्ये (म्हणजे आपल्यासारखी छोटी हॉस्पिटलं नव्हे, तर शुश्रूषेची सोय असलेले वृद्धाश्रम) स्मृतिभ्रंश झालेल्या रहिवाशांवर याचा अभ्यास झाला, 2004 साली प्रसिद्ध झाला. बिछान्यातच टॉवेलने अंघोळ घातली किंवा माणसाच्या कलाने शॉवर दिला, तर मारणं-ओरडणं निम्म्याहून कमी झालं. त्वचा सुधारली आणि घातक जंतूही साचले नाहीत!

पद्धत अशी: मोठा टॉवेल गरम पाण्यात, नंतर पाण्याने धुवून काढावा लागत नाही अशा सौम्य साबणासह भिजवून पिळायचा. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, चटका नको. मग अंगावरचं पांघरूण काढत काढत तो गळ्यापासून पायांपर्यंत पसरायचा आणि वरूनच हलके चोळायचं. अंग एक क्षणही उघडं पडत नाही. त्या बाईंची भीती निम्मी तिथेच असते हो, थंडीची आणि लाजेची. पाठीसाठी कुशीवर वळवून दुसरा टॉवेल.

जांघा, स्तनांखाली, पायांच्या बोटांमध्ये मात्र वेगळं पुसून पूर्ण कोरडं करा. रोज साबण नको, म्हातारी त्वचा फुटते. बाथरूममध्येच न्यायचं असेल तर पाणी आधी पायांवर घाला, डोकं सगळ्यात शेवटी. आणि कृपया दोघीतिघींनी मिळून धरून ठेवू देऊ नका.