क्रेडिटच्या रकान्यात तुम्ही काय लिहिलंत?

काल रात्री भाची मास्टर्सचा अर्ज भरत होती. स्क्रीनवर विषय, ग्रेड, क्रेडिट (विषयाचं तासांवरून ठरणारं वजन) असे रकाने दिसले आणि १५ वर्षांपूर्वीचा गोळा पुन्हा पोटात आला. माझ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, क्रेडिट हा शब्दच नव्हता. १०० पैकी मार्क, बस. रकान्याला लाल चांदणी, रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडेना, शून्य घेईना. डेडलाइनला दोन दिवस. शेवटी आठवड्याचे तास मोजले: लेक्चरच्या तासाला १, प्रॅक्टिकलच्या दोन तासांना १. असे ४२ विषय. पाठवल्यावर महिनाभर नीट झोप नाही, आपण खोटं तर लिहिलं नाही ना म्हणून. तुमचं काय झालं? लिहा, भाचीला वाचून दाखवीन.
— सायंतारा

रुमाल टाकून ठेवते. मीटिंग संपली की सविस्तर.
— रानजाई

माझं उलटं. क्वार्टर पद्धतीचं कॉलेज होतं, म्हणजे सत्रं सेमिस्टरपेक्षा छोटी. क्वार्टरचे ४ म्हणजे सेमिस्टरचे २.६७, हे मी कॅल्क्युलेटर घेऊन सगळ्या विषयांना केलं. नंतर कळलं, वर 'क्वार्टर' निवडलं की अर्जाची सिस्टिम स्वतःच हिशोब करते. म्हणजे २.६७ चे पुन्हा १.७८! रात्री दीडला दिसलं. पहिल्या ओळीपासून परत.
— उत्तररात्र

अरे देवा उत्तररात्र 😟 सेव्ह तरी होत होतं का? माझं सेशन संपून दोन सेमिस्टर उडाले होते. तेव्हापासून आधी एक्सेलमध्ये लिहिते, मग तिथे.
— जुईची वेल

होत होतं, म्हणून वाचलो.
— उत्तररात्र

आमच्या घरी नवरा वाचायचा, मी टाइप करायचे. झेरॉक्स इतकी फिकी की ३ आहे की ८ कळेना, भिंग आणलं. मग एकच गणिताचा विषय दोनदा आला. तो थांबला, माझ्याकडे बघितलं. पहिल्या वेळी मी नापास झाले होते, त्याला कधी सांगितलं नव्हतं. 'दोन्ही लिहायचे ना?' एवढंच म्हणाला. सूचनेत स्पष्ट होतं, प्रत्येक प्रयत्न वेगळ्या ओळीत. लिहिले. सायंतारा, भाचीचा असा एखादा पेपर असेल तर वगळू देऊ नका, मूळ प्रतीशी ताडतात.
— ओंजळ

ओंजळ, मिठी गं. ❤️
— जुईची वेल

आले परत. मी सरळ ॲडमिशन ऑफिसला मेल केला: माझ्याकडे मार्क आहेत, क्रेडिट नाहीत. दोन ओळींत उत्तर, 'सगळीकडे १ टाका, मार्कपत्रकात आहे तेच अपलोड करा, बाकी आम्ही बघू.' आठवडाभर रडत बसले होते ते एका मेलने सुटलं. पण हे त्या विद्यापीठाचं उत्तर, दुसरीकडे वेगळं सांगतील. विचाराच.
— रानजाई

युरोपातून डिग्री घेतलेल्यांसाठी: तिथे पूर्ण वर्षाचे ६० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), अमेरिकेत साधारण ३० क्रेडिट. मैत्रिणीने आपणहून सगळे निम्मे केले. अर्ज परत आला, कागदावर आहेत तेच आकडे हवेत म्हणून.
— पायवाट

वेगळा प्रश्न, ट्रान्सक्रिप्टची सीलबंद पाकिटं अजून मागतात का? माझ्या पाकिटावरचा शिक्का फ्लॅपच्या बाहेर गेला होता, तेवढ्यासाठी कॉलेजात परत खेटा.
— उत्तररात्र

माझ्या भावाने यंदा पाच अर्ज केले. आधी सगळीकडे स्कॅन अपलोड, खरी प्रत प्रवेश मिळाल्यावर.
— पायवाट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तररात्रचं वाचल्याबरोबर भाची उठली आणि वरचा ड्रॉपडाउन बघून आली. 'सेमिस्टर'च आहे. तिच्या ट्रान्सक्रिप्टच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात क्रेडिटचा तक्ताही सापडला, आम्ही फक्त पुढचं पान स्कॅन केलं होतं! आता दोन्ही बाजू करतोय. ओंजळ, तुमचं तिला दोनदा वाचून दाखवलं. तिच्याही तिसऱ्या सेमिस्टरमध्ये एक ओळ आहे.
— सायंतारा

तिला माझ्याशी बोलायचं असेल तर विपू (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) करा. रात्री नऊनंतर मोकळी असते.
— ओंजळ