रिसेप्टर वाढले म्हणजे स्मरणशक्ती वाढली, असं नाहीये

या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की सायनॅप्सवर, म्हणजे मेंदूतल्या दोन पेशी जुळतात त्या जागी, रिसेप्टर (रासायनिक संदेश पकडणारी प्रोटीनं) वाढले की लक्षात राहणं आपोआप सुधारणार. अर्धंच पटलं. शिकताना एनएमडीए नावाच्या रिसेप्टरमधून कॅल्शियम आत येतं, त्याने एक एन्झाइम जागं होतं आणि एम्पा हे दुसऱ्या प्रकारचे रिसेप्टर सायनॅप्सवर जास्त संख्येने टिकतात, इथपर्यंत बरोबर. पण या रिसेप्टरांना खालून धरून ठेवणाऱ्या पीएसडी-९५ या प्रोटीनचा विषय कोणी काढलाच नाही, आणि मला सगळ्यात इंटरेस्टिंग तेच वाटतं.

१९९८ साली 'नेचर'मध्ये उंदरांवरचा प्रयोग आला होता, त्यात हे प्रोटीन जनुकात बदल करून बिघडवलं होतं. एनएमडीए रिसेप्टर होते तसेच जागेवर, पण सायनॅप्सचं बळकट होणं, म्हणजे एलटीपी, उलट वाढलं, तेही वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीने विजेचे झटके दिले तेव्हा, आणि तरी टाकीत पोहताना पाण्याखालचा प्लॅटफॉर्म कुठे आहे हे शिकणं त्या उंदरांना फारच जड गेलं! म्हणजे कुठला सायनॅप्स बळकट करायचा आणि कुठला कमकुवत हा फरकच नीट राहिला नाही, सगळीकडे नुसतं बळकट होत गेलं तर आठवण वेगळी उमटणार कशी? म्हणून मला रिसेप्टरांच्या संख्येपेक्षा त्यांच्यावरचा हा ताबा जास्त महत्त्वाचा वाटतो.