कुलाबा स्थानक बंद का करण्यात आले?

गिरगावकर:
१९३० पर्यंत बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे, मुंबईतील अखेरचे स्थानक चर्चगेट नसून कुलाबा होते. १८९६ मध्ये तिथे नवी इमारत झाली आणि जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्याही धावू लागल्या. एवढा खर्च केलेले स्थानक तीन वर्षांच्या आत मोडीत का निघाले? प्रवासी मिळत नव्हते काय?

लोहमार्गी:
प्रवाशांचा प्रश्न नव्हता, जागेचा होता. चर्चगेटच्या पुढचे रूळ बॅक बेच्या काठाने कुलाब्याकडे जात. १९२० च्या दशकात तिथे समुद्रात भराव घालण्याचे काम सुरू झाले, तेव्हा जुने शहर आणि भरावाची नवी जमीन यांच्या मध्ये हेच रूळ आडवे आले. शिवाय लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी प्रशस्त टर्मिनस हवेच होते. क्लॉड बॅटली यांनी आराखडा केलेले बॉम्बे सेंट्रल १८ डिसेंबर १९३० रोजी सुरू झाले आणि वर्ष सरताना, ३१ डिसेंबरला, कुलाबा बंद झाले. लोकल चर्चगेटला थांबू लागल्या, मेल-एक्स्प्रेस बॉम्बे सेंट्रलला. विजेच्या तारांवरचा खर्च बुडाला असे मात्र म्हणता येणार नाही. वाया गेला तो चर्चगेटपलीकडचा छोटासा तुकडा.

जुनी मुंबई:
वरील उत्तरात कापूस राहून गेला, आणि माझ्या मते तो वगळून कुलाबा स्थानकाचा इतिहास सांगताच येत नाही. गुजरातकडून येणाऱ्या गाठी ज्या ‘कॉटन ग्रीन’वर उतरत, ते कुलाब्यातच होते. पुढे हा बाजार शिवडीला गेला (हार्बर मार्गावरील स्थानकाने ते नाव अजून सांभाळले आहे), त्यामुळे कुलाब्याचे मालवाहतुकीतील महत्त्व आधीच ओसरले होते.

गिरगावकर:
दोघांचेही आभार. १ सप्टेंबर १९२८ रोजी पेशावरसाठी निघालेली पहिली फ्रंटियर मेल कुलाब्याहूनच सुटली होती ना? आणि त्या जागेवर आता काय आहे?

लोहमार्गी:
होय, कुलाब्याहूनच. विलायतेच्या बोटीने येणाऱ्यांसाठी ती हंगामात बॅलार्ड पियरहूनही सुटे. ते स्थानक निराळे, ते १९४४ मध्ये बंद झाले. कुलाबा स्थानकाच्या जागी रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क ही वसाहत आहे. समोर मच्छीमार नगराच्या होड्या दिसतात, त्यावरून रूळ पाण्याच्या किती जवळ होते याचा अंदाज येतो.